तीन फूट खोल शेडचा इतिहास

आमच्या सोसायटीच्या नियमावलीचं बाड शंभरेक पानांचं आहे. इथे कॅलिफोर्नियात घर घेताना सह्या करायच्या कागदांच्या ढिगात ते येतं, आणि ढिगातल्या बाकीच्या कागदांसारखंच तेही सहसा कोणी वाचत नाही. मी वाचलं, कारण मला परसात एक शेड बांधायची होती. कुदळ, फावडं, रंगाचे उरलेले डबे, सायकली आणि बायकोच्या मते 'घरात तरी नकोच' अशा यच्चयावत वस्तू ठेवायला.

आता गणित बघा. परसाची खोली घराच्या भिंतीपासून मागच्या कुंपणापर्यंत सतरा फूट. नियम क्रमांक एक : शेड घरापासून दहा फूट लांब हवी. नियम क्रमांक दोन : मागच्या कुंपणापासून चार फूट लांब हवी. (आपल्याकडे नगरपालिकेच्या कागदांत ज्याला सामासिक अंतर म्हणतात तेच हे, सेटबॅक.) सतरातून दहा गेले, चार गेले, उरले तीन. नियम क्रमांक तीन : उंची कुंपणापेक्षा जास्त नको, म्हणजे सहा फूट. शिवाय छपराची कौलं घराच्या छपरासारखीच, भिंतीच्या फळ्या घरासारख्याच, आणि रंग मंजूर झालेल्या तक्त्यातलाच. दुकानात मिळणारी तयार किट ह्या मापात बसत नाहीत. तेव्हा आराखडा स्वतःच काढणं आलं. गंमत म्हणजे कॅलिफोर्निया सरकारला १२० चौरस फुटांपर्यंतच्या साध्या एकमजली शेडसाठी बांधकाम परवाना लागत नाही. माझी शेड भरते तीस चौरस फूट. सरकारला जिचं काही देणंघेणं नाही, तिच्यासाठी शेजाऱ्यांच्या कमिटीपुढे चार प्रतींत नकाशे.

पण हा लेख कमिटीबद्दल नाही. (त्या मंडळींनी पुढे मंजुरी दिली, कौलांच्या छटेवरून एक पत्र पाठवून. असो.) माझं डोकं अडकलं ते बाडाच्या पहिल्याच पानावर. तिथे ठळक टायपात छापलंय की ह्या दस्तात वंश, रंग, धर्म वगैरेंवरून कुणाला मज्जाव करणारी काही अट असेल तर ती बेकायदा आणि रद्दबातल समजावी. दस्ताची प्रत देताना ही सूचना जोडायचीच असा राज्याचा कायदा आहे, अक्षराचा आकारसुद्धा कायद्यात ठरवून दिलाय, चौदा पॉइंट. आमची वस्ती नवी, तिच्या दस्तात अशी अट असायचं कारण नाही. तरी सूचना आहेच. कौलांच्या छटेच्या नियमावलीवर वंशभेदाची सूचना का लावावी लागते, हे शोधण्यात माझे पुढचे तीन वीकांत गेले. त्याचीच ही टिपणं. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

सुरुवात लंडनमध्ये होते. लेस्टर स्क्वेअर हा चौक टल्क नावाच्या गृहस्थांच्या मालकीचा होता. १८०८ साली त्यांनी मधली बाग विकली, पण अट घातली की ती बागच राहील, तिथे बांधकाम होणार नाही. बाग पुढे हातोहात विकली जात मॉक्सहे नावाच्या माणसाकडे आली. त्याने म्हटलं, करार केला पहिल्या खरेदीदाराने, मी कुठे सही केलीय? मी बांधणार. टल्क कोर्टात गेले. १८४८ साली लॉर्ड कॉटनहॅम यांनी निकाल दिला की अट माहीत असून ज्याने जमीन घेतली त्याच्यावरही ती बंधनकारक आहे. झालं. तोपर्यंत करार दोन माणसांत होत असे, आता तो जमिनीलाच चिकटला. माणसं येतील, जातील, मरतील, अट तिथेच. प्रोग्रामरांना सांगायचं तर व्हेरिएबल लोकल होतं ते ग्लोबल झालं, आणि त्याचे जे परिणाम होतात ते सगळे झाले. :-)

एक बाग वाचवायला निघालेली ही युक्ती अमेरिकेतल्या जमीनविक्यांना फार आवडली. शिकागोजवळच्या रिव्हरसाइडमध्ये १८६९ च्या सुमारास ओल्मस्टेड (न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारे तेच) यांच्या आराखड्यात घरं रस्त्यापासून तीस फूट मागे ठेवायची अट होती. पण ह्या धंद्याचा खरा विश्वकर्मा म्हणजे कॅन्सस सिटीचा जे. सी. निकल्स. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने कंट्री क्लब डिस्ट्रिक्ट नावाची वसाहत उभारायला घेतली. प्लॉटबरोबर अटींची यादीच यायची : घर किमान इतक्या किमतीचं हवं, रस्त्यापासून इतकं मागे हवं, आणि काळ्या माणसाला विकायचं किंवा भाड्याने द्यायचं नाही. आधीच्या विक्यांच्या अटी वीसपंचवीस वर्षांनी संपत. निकल्सने त्यावर डोकं लढवलं. त्याच्या अटी मुदत संपली की आपोआप पुढे चालू व्हायच्या, मुदतीच्या पाच वर्षं आधी बहुसंख्य मालकांनी लेखी नको म्हटलं तरच थांबायच्या. फुकट ट्रायल घेतल्यावर कार्डातून दर महिन्याला पैसे जात राहतात ना, तेच तत्त्व. आणि अटी पाळल्या जातायत की नाही हे बघायला त्याने घरमालकांच्या संघटना काढल्या. आजच्या एचओएचं हे जवळजवळ तयार रूप.

रंग आणि कौलं कुठून आली? त्याचा एक उगम लॉस एंजलिसच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या पालोस व्हेर्देस इथे सापडतो. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ती वस्ती आखली गेली तेव्हा तिथे एक 'आर्ट ज्युरी' नेमली. वास्तुशैली, छपराचा उतार, लाल कौलं, भिंतीचा रंग, सगळ्यावर ज्युरीची मोहर लागल्याशिवाय वीट हलायची नाही. ती आर्ट ज्युरी आजही काम करते. आणि त्या मूळ दस्तातही वंशाची अट होतीच.

इथपर्यंत हे खाजगी होतं. १९१७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने लुईव्हिल शहराचा, काळ्यांनी कुठे राहायचं आणि गोऱ्यांनी कुठे हे ठरवणारा वटहुकूम रद्द केला. म्हणजे नगरपालिकेला जे करता येईना, ते खरेदीखतातून करायचं हाच मार्ग उरला, आणि मग ह्या अटींचं पेवच फुटलं. १९२६ साली त्याच कोर्टाने खाजगी अटींत हात घालायला नकार दिला.

आता माझ्या मते ह्या सगळ्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा कागद. १९३४ साली सरकारने एफएचए काढलं, म्हणजे घरकर्जाचा विमा उतरवणारं खातं. मंदीत बुडालेला घरबांधणीचा धंदा वर काढायचा होता. विमा कुठल्या घराला द्यायचा हे ठरवायला खात्याने तपासनीसांसाठी एक जाडजूड पुस्तिका छापली. तिच्या १९३८ च्या आवृत्तीत एक यादी आहे, चांगल्या वस्तीच्या दस्तात कोणत्या अटी असाव्यात त्याची. यादीचा मतलब असा : कुठे घरं, कुठे दुकानं ते ठरलेलं असावं. दोन इमारतींत निदान दहा फूट अंतर असावं. प्लॉटचे तुकडे पाडू नयेत. एका प्लॉटवर एकच घर असावं. इमारतींच्या आराखड्यावर नियंत्रण असावं. तबेले, डुकरांची खुराडी, तात्पुरती राहायची खोपटी आणि उंच कुंपणं असल्या उपद्रवांना बंदी असावी. आणि लगेच पुढचं कलम : वस्ती ज्या वंशासाठी आहे त्या वंशाखेरीज कुणी तिथे राहू नये.

हे वाचून मी परत आमचं बाड काढलं. दहा फूट. आराखडा. कुंपण. खोपटं. ओळीने तेच. आमच्या कमिटीने ती पुस्तिका बघितलीय असं मी म्हणत नाही, बहुधा कुठल्या तरी वकिलाच्या हापिसातल्या नमुन्यावरून हे बाड निघालंय, तो नमुना आधीच्या नमुन्यावरून, आणि तो त्याच्याही आधीच्या. कॉपी-पेस्ट हा आमच्याच धंद्याचा रोग आहे असं मला वाटायचं.

पण यादीत परसातल्या खोपट्यावर इतका राग का? कारण परसातलं खोपटं हे तेव्हा अडगळीची जागा नव्हतं, गरिबाचं पहिलं घर होतं. इथल्याच सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट घ्या. १९०६ च्या भूकंपानंतर बेघर झालेल्यांसाठी बागांमधून लाकडी खोल्या उभारल्या गेल्या, एकूण ५,६१०. सगळ्यांत लहान खोली दहा बाय चौदा फुटांची. रंग हिरवा, बागेतल्या बाकांना असतो तसा. भाडं महिन्याला दोन डॉलर, आणि ते ५० डॉलर किमतीतून वळतं होत असे. १९०७ मध्ये छावण्या उठल्या तेव्हा लोकांनी आपापली खोली घोड्यांना जुंपून ओढत नेली, शहराच्या कडेला स्वस्तातला प्लॉट घेतला आणि तीवर ठेवली. कुणी दोन खोल्या जोडल्या, कुणी तीन. त्यातल्या काही अजून शहरात उभ्या आहेत. ज्या माणसाने आयुष्यभर भाडं भरलं होतं तो असा भूकंपाच्या कृपेने घरमालक झाला.

किंवा लॉस एंजलिसजवळचं साउथ गेट. १९२० च्या दशकात कारखान्यातले कामगार तिथे प्लॉट घ्यायचे, मागच्या अंगाला गॅरेजएवढी खोली बांधून बायकापोरांसह त्यात राहायचे, आणि पगारातून पैसे उरतील तसं पुढचं घर उभं करायचे. परसात भाज्या आणि कोंबड्या. (हेही गोऱ्यांपुरतंच बरं का. तिथेही वंशाची अट होती.) आता 'घर किमान इतक्या किमतीचं' आणि 'तात्पुरती खोपटी नकोत' ह्या दोन अटी शेजारी शेजारी ठेवून वाचा. वंशाचा शब्दही न काढता किती माणसं बाहेर राहतात ते दिसेल.

आमच्या धंद्याचं तीर्थक्षेत्रही ह्यात येतं. पालो आल्टोमधल्या अ‍ॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरचं ते बारा बाय अठरा फुटांचं गॅरेज, जिथे १९३९ साली ह्यूलेट-पॅकार्ड सुरू झाली. बाहेर पाटी आहे, सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान म्हणून. लोक गॅरेजचा फोटो काढून जातात. पण त्याच परसात आणखी एक शेड आहे, आणि बिल ह्यूलेट राहत होता त्या शेडमध्ये! पॅकार्ड नवराबायको घरात, मित्र शेडमध्ये, धंदा गॅरेजमध्ये, सगळ्याचं मिळून भाडं महिना ४५ डॉलर. आमच्या बाडाप्रमाणे शेडमध्ये राहायला बंदी, गॅरेजमध्ये माल तयार करायला बंदी. दोन नोटिसा आणि दंड.

आता आपल्या लोकांकडे येऊ. कारण 'ज्या वंशासाठी वस्ती आहे' ह्यात आपण कुठे, हा प्रश्न मला आपसूक पडला. उत्तर १९२३ साली मिळालं होतं. भगतसिंग थिंड हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवलं की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या दृष्टीने गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. आणि कॅलिफोर्नियात तेव्हा कायदा होता की ज्याला नागरिक होता येत नाही त्याने शेतजमीन घ्यायची नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते जॉर्ज सदरलँड. हे नाव मला ओळखीचं वाटलं म्हणून शोधलं. तीन वर्षांनी, १९२६ साली, ओहायोमधल्या युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंगला मान्यता देणारा निकालही ह्यांचाच! त्यात घरांच्या वस्तीतल्या भाड्याच्या चाळवजा इमारतीला त्यांनी बांडगुळाची उपमा दिली आहे, आणि योग्य जागी नसलेली वस्तू म्हणजे काय हे सांगायला दिवाणखान्यात शिरलेल्या डुकराचं उदाहरण घेतलंय. कोण कुठे शोभतं ह्याचं गृहस्थांना फार होतं.

वैष्णोदास बगाई पेशावरहून १९१५ साली बायको कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले. दुकान काढलं, १९२१ साली नागरिक झाले. बर्कलीत त्यांनी घर घेतलं. सामान घेऊन राहायला गेले तर शेजाऱ्यांनी घराला कुलपं लावून ठेवलेली. ते तिथे राहिले नाहीत. थिंड निकालानंतर त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं, त्यापाठोपाठ मालमत्ताही गेली. मायदेशी जाऊन यायचं तर इंग्रजांचा पासपोर्ट घ्या असं सांगण्यात आलं. ज्या राज्याला कंटाळून देश सोडला त्याचाच. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली, कारण सांगणारं पत्र वर्तमानपत्रासाठी लिहून ठेवून. हिंदुस्थानी लोकांना इथे नागरिक होता येऊ लागलं ते १९४६ साली. बर्कलीतल्या एका रस्त्याला आज कला बगाईंचं नाव आहे. मी तिथून ड्राइव्ह करत शंभरदा गेलो असेन.

दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी आले, घरांचा दुष्काळ पडला. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभं राहिलं. साठ बाय शंभर फुटांच्या प्लॉटवर साडेसातशे चौरस फुटांची एकसारखी घरं, तळघर नाही, गॅरेज नाही. कुंपण घालायचं नाही, दर आठवड्याला गवत कापायचं, शनिवार-रविवारी धुणं वाळत घालायचं नाही. आणि सुरुवातीच्या करारात गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही. १९४८ साली, म्हणजे लेस्टर स्क्वेअरनंतर बरोबर शंभर वर्षांनी, सुप्रीम कोर्टाने म्हटलं की वंशाची अट कोर्टांनी अमलात आणता कामा नये. एफएचएने त्यानंतरही १९५० पर्यंत वेळ काढला. अशी अट पूर्ण बेकायदा झाली ती १९६८ च्या कायद्याने. म्हणजे भल्यामोठ्या फंक्शनमधली एक ओळ कॉमेंट केली, बाकी फंक्शन तसंच चालू. खरेदीखतं न बदलता नुसतं ते कलम निर्जीव झालं, अक्षरं तशीच राहिली. आपण मात्र ह्यावर नाकं मुरडायचं कारण नाही. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वतांनी सारस्वतांसाठी सहकारी सोसायटी काढली, आणि अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा 'फक्त पारशी' हा नियम २००५ साली भारताच्या सुप्रीम कोर्टाने वैध ठरवला.

तर मग सगळे नियम फेकून द्यायचे का? मला तसं वाटत नाही. १९२३ सालच्या सप्टेंबरात बर्कलीत वणवा शिरला आणि दुपारभरात सुमारे सहाशे इमारती जळाल्या, घरावरून घरावर, लाकडी छपरांवरून ठिणग्या उडत. लाकडी शेड घराला खेटून बांधली तर ती घर पेटवायची वात आहे. तेव्हा अंतराच्या नियमाला अर्थ आहे, आणि कौलं जळणारी नकोत ह्यालाही. माझ्या दहा फुटांवर मी म्हणूनच वाद घातला नाही. पण शेड सहा फुटांच्या कुंपणाआड पूर्ण झाकलेली असताना तिचा रंग तक्त्यातला हवा, ह्याने कुठली आग विझते? प्रत्येक नियमाला त्याचा जन्मदाखला विचारावा आणि जो दाखवणार नाही त्याला रजा द्यावी, एवढंच माझं म्हणणं.

गेल्या काही वर्षांत कॅलिफोर्निया उलटं फिरलंय. घरांच्या किमती इतक्या चढल्या की ज्या परसातल्या खोपट्याला शंभर वर्षं हाकललं त्यालाच सरकार आता आमंत्रण देतंय, एडीयू ह्या गोंडस नावाने. २०२१ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला जुन्या दस्तांमधल्या वंशाच्या ओळी शोधून काळ्या करायच्या कामाला लावलंय, ते चालू आहे. आणि २०२० पासून स्वतंत्र घराच्या परसात आठशे चौरस फुटांपर्यंतचं, सोळा फूट उंच, बाजूने आणि मागून चार-चार फूट सोडून उभं केलेलं एक स्वयंपाकघरासकट घर नगरपालिकेला नाकारता येत नाही, आणि सोसायटीला त्याला सरसकट बंदी घालता येत नाही. माफक अटी घालता येतात, पण खर्च भलता वाढेल अशा नाहीत.

त्यामुळे आज परिस्थिती अशी की माझ्या परसात एखाद्या बिल ह्यूलेटला राहायला जागा करायची म्हटलं तर कायदा माझ्या बाजूने उभा राहील. फावड्याच्या बाजूने नाही. फावडं तीन बाय दहाच्या शेडमध्ये आहे, तक्त्यातल्या सात नंबरच्या रंगात.